आमच्या ऑफिसचा न थांबणारा एसी

मशीन नीट चालत असेल तर त्याच्याबद्दल सांगायला काही नसतं. बिघडलं की गोष्टी साठायला लागतात, मोरीतल्या भांड्यांसारख्या. एक घासायला घेतलं की खालून दुसरं निघतं!

आमचं ऑफिस म्हैसूरच्या लष्कर मोहल्ल्यात, एका गॅरेजच्या वरच्या मजल्यावर. घरांचे प्लॅन काढून देतात. साहेब नाशिकचे. प्लॅन तपासायला सुब्बराव. म्हातारे, बायको गेलेली, घरी एकटे. कॉम्प्युटरवर विमला मॅडम. चहा, झाडू आणि आरडाओरडा माझ्याकडे. शाळा चौथीपर्यंत, पण तोंडाला कुठं शाळा लागते!

साहेब पहिल्या दिवशी म्हणाले, "मावशी, तुमचं मराठी जरा वेगळंच आहे हो."

मी म्हटलं, "आमचं मराठी म्हैसूरला पणजोबाबरोबर आलं. तुमचं परवा आलं. वेगळं कुणाचं?"

तेव्हापासून चहात साखर कमी पडली तरी बोलत नाहीत.

तर एसी. खोली गार झाली की त्यानं जरा थांबायचं असतं म्हणे. आमचा थांबायचाच नाही. सकाळी लावला की ऑफिस बंद होईपर्यंत घर्रर्र. सुब्बराव बरोबर त्याच्या खाली. गुडघे धरले, खांदा धरला. मला म्हणाले, "असंच चाललं तर काम सोडतो, अम्मा." सोडून करणार काय? घरी भिंतीशी बोलणार!

आणि विमला मॅडम लांबच्या कोपऱ्यात. पाळी जायचं वय. मधेच अंगात भट्टी पेटायची, ब्लाऊज पाठीला चिकटायचा. वारं तिथवर पोचायचं नाही, म्हणून कुणी बघत नसताना रिमोट घेऊन एसी अठरावर न्यायच्या. चालला तर सुब्बराव गार, थांबला तर मॅडम बेजार! आणि साहेबांना सांगायला दोघांनाही लाज.

*

भर उन्हाळ्यात सुब्बराव कानटोपी, स्वेटर, वर शाल. बेट्टदपुरहून एक गिऱ्हाईक आलं. बघून घाबरलं. मला बाजूला घेऊन विचारतं, "अम्मा, हे सार हॉस्पिटलमधून कधी आले?"

मी म्हटलं, "हॉस्पिटल कसलं! हिमालयात असतात. संध्याकाळी खाली उतरतात."

पुढच्या खेपेला तो माणूस नारळ घेऊन आला आणि सुब्बरावांच्या पाया पडला!

*

साहेबांनी मंडी मोहल्ल्यातून इम्तियाज मेकॅनिकला आणलं. त्यानं एसीचं तोंड उघडलं आणि बघतच राहिला.

आमच्याकडं दसऱ्यात आयुधपूजेला प्रत्येक मशीनला गंध, कुंकू, फुलं. सुब्बराव दरवर्षी स्टुलावर चढून एसीची पूजा करतात. बाहेरून केली असती तर ठीक. हे भक्तीनं झाकण उघडून आतसुद्धा गंध लावायचे! खोली किती गार झाली ते ओळखणारा बारकासा सेन्सर असतो, त्याच्यावर गंधाचा थरावर थर.

इम्तियाज म्हणाला, "सार, ह्याला कसं कळणार गार झालं ते? ह्याचं नाकच बंद!"

साहेबांनी विचारलं, "हे कुणी केलं?"

सुब्बराव ताठ म्हणाले, "केलं म्हणून तर इतकी वर्षं चालतोय."

"तेच तर रडणं आहे सार," इम्तियाज म्हणाला, "चालतोयच!"

*

सेन्सर साफ झाला. फिल्टर धुतला, त्यातून निघालेल्या उदबत्तीच्या काजळीनं बादली काळी झाली. तरी एसी थांबेना.

मग साहेबांना दार दिसलं. आमच्या दाराशी देवाचा फोटो, म्हणून सगळ्यांच्या चपला बाहेर जिन्यावर. तिथून एकदा कुणाच्या तरी नव्या चपला गेल्या. तेव्हापासून गिऱ्हाईक खुर्ची दाराकडं ओढतं, दार अर्धं उघडं ठेवतं, एक डोळा प्लॅनवर, एक चपलांवर. सगळं गार वारं जिन्यावर! खालच्या गॅरेजवाले तर दुपारचा डबा आमच्या पायऱ्यांवर बसून खायचे.

साहेबांनी फर्मान काढलं, "दार बंद. चपला आत."

दार बंद झालं. चपला आत आल्या. एसी पहिल्यांदा थांबला. आणि वासानं माणसं बाहेर!

शेवटी चपलांना जिन्यावर कुलपाचं कपाट केलं, तेव्हा माणसं परत आली.

*

तरी साहेबांना शंका, रिमोट बघावा तेव्हा अठरावर. सगळ्यांना उभं करून विचारलं, "रिमोट अठरावर कोण करतं?"

विमला मॅडमची मान खाली. कानापर्यंत लाल.

मी म्हटलं, "मी."

"तुम्ही? तुम्हाला कशाला?"

"चहा गरम करून करून मी तापते! बायकांना काय काय विचारता हो, सुम्ने गप्प बसा की!"

साहेब केबिनमध्ये गेले. दुसऱ्या दिवसापासून एसी चोवीसवर आणि रिमोट त्यांच्या खिशात.

*

आता एसी शहाण्यासारखा थांबायला लागला. पण चालला की झोत सुब्बरावांच्या डोक्यावर, आणि थांबला की मॅडम घामानं निथळणार.

कुणीही म्हणेल, जागा बदला. साहेब म्हणालेच. पण मॅडमच्या कोपऱ्यात खांब आहे, टेबल फिरत नाही, तिथं बसलं की तोंड दक्षिणेला. सुब्बराव हादरले. त्यांचा वास्तूवर एवढा विश्वास की माणसं प्लॅन साहेबांना दाखवतात, पण घर बांधतात सुब्बरावांना विचारून. "दक्षिण यमाची, सार! मीच लोकांना नको म्हणतो आणि मीच तिकडं बसू? त्यापेक्षा घरी जातो."

विषय संपला.

मग एका दुपारी मॅडमनी प्लॅन चुकवला. स्वयंपाकघराला दारच नाही! गिऱ्हाईक सगळ्यांसमोर ओरडलं. मॅडम पदरानं तोंड पुसत होत्या, घाम की काय ते कळेना. मोरीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. मला म्हणाल्या, "अम्मा, मला आता जमत नाही. उद्यापासून येत नाही." सुब्बराव हात धुवायला आले होते. ऐकून तसेच मागं फिरले.

सकाळी मी कुलूप काढायला गेले तर सुब्बराव जिन्यावर बसलेले. आत आले, आपल्या पेन्सिली, पट्ट्या, उशी उचलून मॅडमच्या टेबलावर नेली आणि खांबाशी बसले. कानटोपी काढून घडी घातली.

मॅडम आल्या, त्या राजीनामा द्यायलाच. दारात थबकल्या. एसीखालची खुर्ची मोकळी. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी झाडत राहिले. त्या जाऊन बसल्या.

मी चहा नेला. "अय्यो सुब्बराव, तोंड कुठं केलंत!"

त्यांनी फुंकर मारून एक घोट घेतला. म्हणाले, "शेवटी जायचं तिकडंच ना, अम्मा? जरा बघून ठेवतो, रस्ता कसा आहे."