रंगाचा रकाना कोरा होता

पहिल्यांदाच लिहितोय, सांभाळून घ्या. इथले अनुभव मी बरीच वर्षं वाचतो. खोटं कशाला बोलू, करमणूक म्हणूनच वाचायचो. कुणाला पिंपळाखाली पांढरी साडी दिसली की मी ते बायकोला मोठ्याने वाचून दाखवणार आणि मग आम्ही दोघं हसणार. माझा धंदाच असा आहे की वरच्या चमकीखाली पुट्टी किती भरलीय हे आधी तपासायचं. गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करतो. डिप्लोमा केलाय, तेव्हा अगदीच अडाणी नाही. तरीही ह्या प्रकाराचा मला आजवर उलगडा झालेला नाही, म्हणून इथे आलोय.

नगर-मनमाड रोडला, विळद घाटाच्या अलीकडे माझं वर्कशॉप आहे. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण माझ्या तोंडातून नगरच निघतं. मूळ गाव बेलापूर, श्रीरामपूरजवळचं. गेल्या दिवाळीनंतर गावाकडचे अमोलशेठ आले. त्यांच्या आडतीच्या गोदामात ताडपत्रीखाली एक अमेरिकन गाडी पडून आहे, हे आम्हा गावकऱ्यांना लहानपणापासून माहीत होतं. मसल कार म्हणतात तिला... लांबलचक नाक, दोनच दारं आणि ट्रकला लाजवेल असं इंजिन. साधारण सत्तर सालची. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण अशा गाड्या आपल्याकडे इतक्या कमी आहेत की तुम्ही लगेच मालकाच्या दारात जाल.

साखर कारखान्याच्या मशिनरीसाठी आलेल्या एका अमेरिकन इंजिनिअरने ती हौसेने बोटीतून आणली होती. तो मायदेशी गेला, गाडी इथेच राहिली. अमोलशेठच्या आजोबांनी ती घेतली, जुना रंग खरवडून काळी रंगवली, थोडे दिवस मिरवली आणि पार्ट मिळेनात तेव्हा गोदामात लावून टाकली. आता नातवाला ती लग्नसराईत नवरदेव बसवायला हवी होती.

"लालभडक करून द्या, संजयराव. गावात नाव निघालं पाहिजे," शेठ म्हणाले.

मी हो म्हणालो. आणि त्याच आठवड्यात साळवे बाईंचा फोन आला.

साळवे बाई म्हणजे मला शाळेत गणित शिकवणाऱ्या. लग्न केलं नाही, बेलापुरात एकट्याच राहतात. रविवारी चर्च आणि बाकीचे दिवस जुन्या विद्यार्थ्यांच्या चौकशा. त्यांचे वडील त्या इंजिनिअरचे ड्रायव्हर होते, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

"संजय, ती गाडी तुझ्याकडे आलीय म्हणे?"

"हो बाई. लाल करायचीय."

मग म्हणाल्या, "रविवारी ये."

गेलो. बाई दारातच बसल्या होत्या, आणि मी अगदी समोर जाऊन उभा राहीपर्यंत त्यांना मी दिसलो नाही. काचबिंदू. नळीतून बघावं तेवढंच दिसत होतं, आणि ती नळीही महिन्यागणिक बारीक होत चाललेली. डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं, उन्हाळ्यापर्यंत जे बघायचं ते बघून घ्या.

"पप्पा गेले तेव्हा मी पाच-सहा वर्षांची असेन. विषमज्वर झाला होता त्यांना," बाई म्हणाल्या. "त्यांचा चेहरा मला आठवत नाही रे. फोटोतला आठवतो, पण तो फोटोच झाला. खरं माझं असं एकच आठवतं. त्यांनी मला त्या गाडीच्या नाकावर बसवलंय आणि खाली, आजूबाजूला, सगळीकडे तो रंग आहे. तेवढा एकदा बघायचाय. मग गेली दृष्टी तर जाऊ दे."

"कोणता रंग होता, बाई?"

"ते सांगणार नाही."

"अहो, पण..."

"सांगितला तर तू तसा बनवून आणशील, आणि मलाही तो खरा वाटायला लागेल. मला बनवलेला नकोय. होता तो हवाय. तू शोध, मी ओळखीन." परीक्षेत शेजारच्या बाकाकडे नजर गेली तरी पेपर काढून घेणाऱ्या बाई त्या. त्यांच्याकडून उत्तर मिळणार नव्हतंच.

अमोलशेठना गळ घातली. मूळ रंग सापडला तर मूळ, नाहीतर लाल, असं ठरलं. आणि मी कामाला लागलो.

ह्या गाड्यांना कारखान्यातच एक पत्र्याची छोटी पट्टी लावलेली असते. तिच्यावर इंजिन, सीट, रंग, सगळ्यांचे कोड ठोकलेले असतात. पट्टी मिळाली. सगळे रकाने भरलेले होते, रंगाचा तेवढा कोरा. मला वाटलं घासून गेला असेल. भिंग लावून बघितलं, तर तिथे ठोकलेलंच नव्हतं काही. मग अमेरिकेतल्या जुन्या गाड्यांच्या एका फोरमवर प्रश्न टाकला. तिथे टेक्सासचा एक म्हातारा भेटला, आयुष्यभर फक्त ह्या गाड्यांचे दुर्मीळ रंग गोळा करणारा. मी त्याला मनातल्या मनात टेक्सासआजोबा म्हणायचो. त्याने सांगितलं, रकाना कोरा म्हणजे रंग कंपनीच्या कार्डावरचा नव्हे. गिऱ्हाइकाने खास सांगून करवून घेतलेला. तो फक्त गाडीवरच सापडणार. जिथे ऊन पोचलं नाही आणि नंतरचा ब्रश पोचला नाही, तिथे बघ.

माझा पेंटर भागवत, पाथर्डीचा. हात सोन्याचा आणि तोंड त्याहून मोठं. त्याने डिकीच्या झाकणाची आतली बाजू शोधून काढली.

"भाऊ, ह्यो कंपनीचा हाय. मिशी काढीन न्हाईतर."

तिथला रंग फिकट हिरवा होता, कोवळ्या हरभऱ्यासारखा. आमच्याकडे रंग वाचणारं मशीन आहे, पत्र्यावर टेकवलं की कशात काय किती मिसळायचं ते सांगतं. वाचन घेतलं. फोटो पाहून टेक्सासआजोबा तर नाचायचेच बाकी होते, असा हिरवा त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता म्हणे. आम्ही बाकीची गाडी पत्र्यापर्यंत घासली, प्रायमर मारला, आधी फक्त बॉनेट रंगवून भट्टीत पक्कं केलं आणि मी बाईंना घेऊन आलो.

बाई बॉनेटपासून चार पावलं लांब उभ्या राहिल्या. मान हळूहळू डावीकडून उजवीकडे फिरवत त्यांनी ते सगळं त्यांच्या नळीतून पाहिलं. मग म्हणाल्या, "छान आहे."

आमच्या वर्गातल्या कुणालाही विचारा. बाई बरोबर उत्तराला 'बरोबर' म्हणायच्या. 'छान आहे' म्हणजे नापास.

त्यांना घरी सोडून परत आलो तर अमोलशेठ येऊन बसलेले. हिरवा कुठून काढला विचारलं. डिकीच्या झाकणातून, मी म्हणालो.

"आतून? अहो, तिथंच तर दसऱ्याची पूजा व्हायची!"

गाडीच्या पुढ्यात कायम पोत्यांची थप्पी. त्यामुळे दसऱ्याला मागून ताडपत्री उचलायची, डिकी उघडायची, झाकणाला आतून तेलात कालवलेल्या हळदीचं स्वस्तिक काढायचं, समोर दिवा लावायचा. दुसऱ्या दिवशी पुसून झाकण बंद. आजोबांपासून चालत आलेलं. उन्हात हळदीचा डाग टिकत नाही, पण बंद डिकीत ऊन कुठलं? वर्षानुवर्षं तेलाबरोबर हळद रंगात मुरत गेली होती. म्हणजे मी महिनाभर अमेरिकेपर्यंत ज्याचा शोध घेत होतो तो हिरवा, निम्मा आमच्या बेलापूरच्या हळदीचा होता! मी कपाळावर हात मारला. भागवत मिशीला हात न लावता बाहेर निघून गेला.

हळद काढायला गेलो तर रंगही सोबत सुटून आला. बाकी गाडी आम्हीच पत्र्यापर्यंत घासलेली. मूळ रंगाचा कण उरला नव्हता. "जाऊ द्या संजयराव, उद्यापासून लाल घ्या," शेठ म्हणाले, आणि त्यांचंही चुकत नव्हतं, गाडीच्या पहिल्या लग्नाच्या बुकिंगची तारीख जवळ आली होती. बाईंना फोन करायची माझी हिंमत झाली नाही. फार वाईट वाटलं मला त्या दिवशी. एवढं एकच मागितलं होतं त्यांनी.

संध्याकाळी मीच शटर ओढलं. दोन्ही किल्ल्या माझ्या खिशात. सकाळी मीच उघडलं, भागवत माझ्या मागे होता.

बॉनेटवर हात उमटलेले होते.

दोन मोठे पंजे, बॉनेटच्या पुढच्या कडेला, एकमेकांपासून लांब, बोटं काचेच्या दिशेने. कुणीतरी गाडीसमोर उभं राहून दोन्ही बाजूंनी हात टेकवावेत तसे. आणि त्यांच्या मधोमध दोन इवलेसे पंजे. बालवाडीतल्या पोराचे असतात तेवढे.

हे पंजे वर उमटलेले नव्हते. धुळीचे नाहीत, तेलाचे नाहीत. पंजांच्या आकारात तिथला रंगच वेगळा होता. सगळीकडे आमचा हिरवा आणि पंजांच्या जागी निळा. जवसाच्या फुलाचा असतो तो निळा, पण खोल कुठेतरी जांभळी झाक मारणारा. नख फिरवलं, कड लागेना. थिनरचं फडकं फिरवलं, फडकं कोरं. आणि खालचा जुना रंग वर आला म्हणावं तर खाली जुना रंग होताच कुठे? नागडा पत्रा मी माझ्या डोळ्यांनी पाहिला होता.

"भागवत, खरं सांग..."

"भाऊ, म्या न्हाई. लेकरांची शपथ. आन् एवढा ल्हान हात म्या आणू कुठनं?" त्याचे ओठ पांढरे पडले होते.

नगरची पौषातली सकाळ. पत्र्याला हात लावला की बोटं दुखतात. मी हिरव्या भागाला हात लावला, गार. पंजांच्या मधे हात ठेवला... कोमट. नुकतीच चालून आलेल्या गाडीचं बॉनेट असतं तसं. इंजिन तर पलीकडच्या भिंतीला स्टँडवर काढून ठेवलेलं होतं.

मला भीती वाटली का? वाटली, पण निराळी. दुसऱ्याच्या घरात न विचारता शिरल्यावर वाटते तशी. मी चप्पल काढून बाजूला ठेवली, का ते विचारू नका.

"भाऊ, मशीन लावा. लवकर लावा," भागवत कुजबुजला. हे त्याला सुचलं, मला नाही. मोठ्या पंजाच्या तळव्यावर मशीन टेकवलं. वाचन आलं, स्वच्छ. मोबाईलवर फोटोही काढले. ते फोटो आहेत माझ्याकडे, पण टाकणार नाही. मीच इथे दुसऱ्यांच्या फोटोंना एडिटिंग म्हणत आलोय. दुपारी जेवून आलो तेव्हा बॉनेट पुन्हा सगळं हिरवं होतं. आणि गार.

त्या वाचनावरून रंग बनवला. नमुना बघून अमोलशेठच म्हणाले, "लाल नको आता. हाच मारा." सगळी गाडी रंगवून झाल्यावर बाईंना आणलं. पंजांबद्दल एक अक्षर बोललो नव्हतो. भागवतलाही दम दिला होता.

ह्या वेळी बाई लांब उभ्या राहिल्याच नाहीत. दारातून आत आल्या आणि सरळ गाडीकडे निघाल्या, वाटेतल्या स्टुलाला अडखळल्या तरी थांबल्या नाहीत. बॉनेटवर वाकल्या, जवळजवळ गाल टेकवला.

"बरोबर," म्हणाल्या. मग रडू फुटलं त्यांना. रडता रडताच मला म्हणाल्या, "आणि हिरवा काय दाखवत होतास रे गाढवा!"

मी खुर्ची आणली. तिच्यात बसल्यावर, आपल्याशीच बोलावं तसं त्या म्हणाल्या, "पप्पा असे पुढ्यात उभे होते. इकडे एक हात, तिकडे एक हात. मी घसरू नये म्हणून." भागवत उठून बाहेर गेला.

टेक्सासआजोबांना नमुना पाठवला. त्या सालच्याच काय, आधीच्या-नंतरच्याही कुठल्या कार्डावर हा निळा नाही, असं त्यांचं म्हणणं. कुठे सापडला विचारत होते. मी अजून उत्तर दिलेलं नाही. कुणी म्हणेल रंगाची रासायनिक प्रक्रिया, कुणी म्हणेल आम्ही दोघांनी थिनर हुंगलं होतं. बायको हेच म्हणते. पण मशीनला थिनर कसं काय चढेल? इथे कुणी जाणकार असेल तर खरंच सांगा, मी ऐकून घेईन.

उन्हाळा संपता संपता बाईंची दृष्टी गेली. पूर्ण. मला कळलं तेव्हा भेटायला गेलो. एकट्या बाईमाणसाने अंधारात दिवस कसे काढायचे, हाच विचार मी वाटभर करत आलो होतो. बाईंनी मात्र आवाजावरून मला ओळखलं, चहा ठेवायला उठल्या, भिंत चाचपत.

"बसा हो बाई. मी करतो," मी म्हणालो. मग धीर करून विचारलं, "काहीच दिसत नाही का आता?"

"काहीच नाही कसं?" त्या माझ्याकडे वळल्या. चेहऱ्यावर हसू होतं. "तो रंग दिसतो ना. डोळे उघडे ठेव, मिटून घे, सगळीकडे तोच. डॉक्टर म्हणतात असं होत नसतं. मला अंधाराची फार भीती होती रे, तुला म्हटलं नव्हतं कधी. पण अंधार आलाच नाही."