अठ्ठावीस किलोची जुई

परवा नातवाला ताप आला म्हणून लेकीचा, जुईचा, घाबराघुबरा फोन आला. तिला धीर दिला खरा, पण फोन ठेवल्यावर मला कुवेतमधली ती सकाळ आठवली.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही फिंतासला राहायचो आणि मी एका हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागात प्रोग्रामर होते. त्या दिवशी मात्र आई म्हणून गेले होते. अडीच वर्षांची जुई तापाने फणफणली होती.

बालविभागात त्याच सकाळी अमेरिकेहून आलेला नवा वजनकाटा लागला होता, पौंडात वजन दाखवणारा. त्याचे किलो करायची सोय मीच केली होती. सगळ्यांना लागणारे छोटे प्रोग्राम आम्ही एका सामाईक लायब्ररीत ठेवायचो, त्यातल्या वजनाच्या प्रोग्राममध्ये तो बदल केला. एका जागी बदललं की सगळीकडे बदललं... अशी माझी ऐट!

डॉक्टरांच्या स्क्रीनवर आलं, तेरा किलो. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली आणि फार्मसीतून औषध घेतलं. बाटलीच्या लेबलवर वजन छापलं होतं... अठ्ठावीस किलो! डोसही त्याच हिशोबाने, दुपटीहून जास्त.

मी लेबल न वाचता तिला चमचा पाजला असता तर... हा विचार पुरा करायचं धैर्य मला आजही होत नाही.

मी लेबल दाखवलं, तर इजिप्शियन फार्मासिस्ट हसून म्हणाला, "माफी मुश्किल." म्हणजे काही हरकत नाही. मी जुईला उचलून त्याच्या काउंटरवरच बसवलं आणि विचारलं, ही अठ्ठावीस किलोची दिसते? त्याने तिथल्या तिथे लेबलं छापणं थांबवलं.

फार्मसीचा प्रोग्राम अन्वरभाईंचा, रत्नागिरीचे माझे सहकारी. ते धावत आले. "वहिनी, मशीन स्लो चालते, म्हणून लायब्ररीतल्या त्या तुकड्याची नक्कल मी कधीचीच माझ्या प्रोग्रामात जोडून टाकली होती."

अब्बासिया भागात काही जणांनी मिळून घेतलेल्या त्यांच्या फ्लॅटवर मसाल्याचा एक सामाईक डबा असायचा, पण कुणी कुणी आपली वेगळी बरणीही भरून ठेवायचे. डब्यातला मसाला बदलला तरी बरणीत जुनाच राहणार... इथे तेच झालं होतं, फार्मसीने अठ्ठावीस पौंड तसेच किलो म्हणून छापले. रीती दोन्ही चालतात हो, पण बरणी कुणाकडे आहे हे बाकीच्यांना ठाऊक नको?

नव्या काट्यावर जुईच पहिली होती, हे नंतर कळलं.

संध्याकाळी अन्वरभाई तिच्यासाठी खजूर घेऊन घरी आले. एक खजूर बी काढून तिला दिला. मग म्हणाले, "वहिनी, आज हिला ताप नसता, तर ती बाटली कुणाच्या घरी गेली असती?"

लेकीच्या तापाचे आभार मानणारी आई वेडीच म्हणायची... पण मी मानते.