लाइट गेलेला घोडा

घोड्यावर बसायला मी घोड्याशिवाय शिकले.

कारण आमची कन्या इरा. ती लखनौच्या एका रायडिंग क्लबात जाते आणि तिथे दर वर्षी पालक आणि मूल अशा जोड्यांची स्पर्धा असते. दोघांनी एकेक फेरी मारायची, गुण फक्त बैठकीला, म्हणजे घोड्यावर कसं बसलात त्याला. गेल्या वर्षी हे (आमचे शास्त्रज्ञ) फेरीभर घोड्याच्या मानेला मिठी मारून होते. इरा त्या दिवशी जेवली नाही. यंदा तिने मला विचारलं, "मम्मी, आप करोगी? बस गिरना मत." बँकेत बावीस वर्षं खुर्चीवर बसून काढलेल्या बाईकडून एवढी माफक अपेक्षा! मी हो म्हटलं.

ह्यांनी आमच्या जानकीपुरम वस्तीतच एक यांत्रिक घोडा शोधून काढला. वर खरं खोगीर, पोटात मोटर, समोर तोल बिघडला की लाल होणारा पडदा. शिकवायला मिर्झासाहेब.

"मोहतरमा, कमर सीधी, एड़ी नीचे, निगाह सामने. नीचे मत देखिएगा, घोड़ा शरमा जाता है."

पहिल्या दिवशी पडद्यावर माझा तोल इतका लाल दिसला, की मिर्झासाहेबांनी आधी मशीन तपासून घेतलं.

शिवाय रोज शिकवणीच्या मध्येच लाइट जायची. घोडा तिरका होऊन अडकायचा. मिर्झासाहेब शांतपणे म्हणायचे, "बैठी रहिए, अभी आ जाएगी." मी ताठ बसून राहायची, कधी पाच मिनिटं, कधी पंधरा. हे शेजारी वहीत नोंदी करायचे.

"अगं, लाइट नसताना तुझी बैठक फारच सुधारते."

(मोटर बंद असताना कुणाचीही सुधारेल. पण शास्त्रज्ञाशी वाद कोण घालणार?)

स्पर्धेच्या दिवशी इराची फेरी देखणी झाली. आता सगळी भिस्त माझ्यावर होती. तिघांनी मिळून मला नूर नावाच्या घोडीवर चढवलं. नूर श्वास घेत होती. हा प्रकार शिकवणीत नव्हता.

तरी अर्धी फेरी झकास झाली. मग परीक्षकांच्या टेबलासमोर नूर गप्पकन थांबली. दुसऱ्या कुणी टाच मारली असती, लगाम हलवला असता. माझ्या मनात एकच आलं: गेली वाटतं. मी कंबर ताठ केली, टाचा खाली, नजर समोर. समोर मुख्य परीक्षकांचं टक्कल होतं, तेच बघत बसले. खालून कचाकचा आवाज येत होता, पण खाली बघायला मनाई होती.

कुंपणाजवळून इरा कुजबुजली, "मम्मी, कुछ करो."

मी ओठ न हलवता म्हटलं, "थांब, येईल आत्ता."

"कौन आएगा?"

"लाइट."

इराने कपाळाला हात लावला. बऱ्याच वेळाने नूर आपण होऊन निघाली आणि माझी फेरी पूर्ण झाली. मग कळलं, की टेबलावरचे झेंडूचे सगळे हार तिने फस्त केले होते, पाहुण्यांसाठी ठेवलेल्या गुच्छासकट.

मुख्य परीक्षक माईकवर आले. मी डोळे मिटून घेतले.

"घोड़ी दावत उड़ाती रही, और सवार बाल बराबर नहीं हिलीं. इसे कहते हैं बैठक."

पहिला नंबर! इरा धावत आली आणि माझा पाय घट्ट धरून रडायला लागली. मीही रडले, कंबर ताठ ठेवूनच. "घरी चल, आज दोनदा जेवणार आहेस," असं मी तिला बजावलं.

ट्रॉफी द्यायला प्रमुख पाहुणे मंचावरून उतरून मैदानात, थेट माझ्या घोडीपाशी आले. मी वरूनच हात खाली करून ती घेतली. "क्या शान है," असं लोक म्हणत होते. हे तर छाती फुगवून फोटो काढत सुटले.

शान कसली! त्या मशीनवरून मी रोज प्लास्टिकच्या स्टुलावर पाय ठेवून उतरायची, आणि स्टूल जानकीपुरमला राहिलं होतं.