मांडीवरची मांजर

गांधीबागेतल्या कापडाच्या दुकानात एक म्हातारा गादीवर बसलेला असे. नाव मी कधी विचारलं नाही. त्या दिवशी मला कुहीची बस गाठायची होती. दुसऱ्या दिवशी भाचीचं लग्न, आणि तिचं लुगडं घ्यायचंच राहिलेलं. लुगडी वरच्या फळीवर होती आणि म्हाताऱ्याच्या मांडीवर मांजर झोपली होती.

"बाबाजी, ते हिरवं काढा ना. माही बस चालली."

"थांब वं बाई. ही झोपून राहिली."

"मांजरीसाठी गिऱ्हाईक सोडता?"

तिच्या कानामागे बोट फिरवत तो हसला. "जन्मभर या दुकानात उठबस केली. आता गुडघे वाजतात, तरी कोणी मले बस म्हणत नाही. ही मांडीवर आली का बसाले मिळते."

मी तीनदा दारापर्यंत गेले, तीनदा परत आले. शेवटी चपला काढून मीच गादीवर चढले आणि लुगडं ओढलं. मांजर हललीसुद्धा नाही. बस मात्र चुकली, पुढच्या बसनं उभ्यानं गेले. वाटभर त्याला शिव्या दिल्या.

त्याला आता बरीच वर्षं झाली. काल माझ्या घरी दूध उतू गेलं. सून धावत आली. "आई, जवळच तर होत्या. काहून उठल्या नाही?"

मी मांडीवरच्या मांजरीकडे बोट दाखवलं. "ही झोपून राहिली."

गुडघ्यांचं तिला सांगितलं नाही.