साहेबांच्या दगडावरचं नाक

माझे काका आयुष्यभर उभे राहिले आणि त्याचाच पगार घेतला. हे ऐकून लोक हसतात, म्हणून आधी त्यांचं काम सांगतो. जुन्या काळ्या-पांढऱ्या सिनेमांत एकेका दृश्यासाठी दिवे लावायला अर्धी सकाळ जायची. तेवढा वेळ हिरोला त्या भट्टीत उभं केलं असतं तर तोंडाचा रंग वितळून त्याच्या गळ्यात आला असता. म्हणून हिरोच्या उंचीचा, साधारण त्याच्याच चणीचा माणूस तसाच कोट घालून जमिनीवरच्या खडूच्या खुणेवर उभा करत. कॅमेरावाला त्याच्या तोंडावर उजेड पाडून बघायचा, कमी-जास्त करायचा, आणि मनासारखं जमलं की तो माणूस बाजूला, हिरो खुणेवर. तो बाजूला होणारा माणूस म्हणजे माझे काका. दिवेवाल्यांनी त्यांचं नाव खांब ठेवलं. ते इतकं चिकटलं की काकूसुद्धा रागावली की त्यांना ‘अहो खांब’ म्हणते, आणि ती बऱ्याचदा रागावलेली असते.

काका ज्यांच्यासाठी उभे राहत त्यांना स्टुडिओत सगळे साहेब म्हणत. साहेब मुळात साबणाच्या कारखान्यात वड्या कापायचे. पडद्यावर ते घोड्यावरून गच्चीवर उडी मारत, प्रत्यक्षात घोड्याला फार भीत. काकांचं म्हणणं, घोडाही भ्यायचा. दिवे जमले की साहेब मागून येऊन काकांच्या खांद्यावर बोट टेकवायचे आणि विचारायचे, “कसं आहे तिथं?” काका म्हणायचे, “ऊन आहे.” मग काका खुणेवरून उतरायचे, साहेब चढायचे. वर्षानुवर्षं दोघांत बोलणं झालं ते एवढंच. काका याला मैत्री म्हणतात. काकू म्हणते, याला हवामानाचा अंदाज म्हणतात.

एकदा दिव्याचा लोखंडी स्टँड काकांच्या तोंडावर पडला आणि नाक डावीकडे वळलं ते कायमचं. काका तसे नाकासमोर चालणारे गृहस्थ, पण त्या दिवसानंतर शब्दशः तसे चालले असते तर भिंतीवर आदळले असते.

साहेब गेले तेव्हा त्यांना गावाबाहेरच्या टेकडीवर, जुन्या दफनभूमीत पुरलं. जवळच्या नात्यातलं कुणी नव्हतं. बायको फार पूर्वी लहान मुलीला घेऊन दूरदेशी निघून गेली होती. स्टुडिओच्या मॅनेजरने पाथरवटाला फोटोंचं एक पाकीट दिलं आणि सांगितलं, यातला चांगलासा बघून तोंड कोरा. काही महिन्यांनी दगड उभा राहिला. दगडाच्या माथ्यावर उभी बसवलेली ताटाएवढी गोल चकती, तिच्यात साहेबांचा चेहरा, खाली नाव. काका फुलं घेऊन गेले, चष्मा पुसला, आणि जवळ जाऊन बघतात तर नाक डावीकडे.

चूक कशी झाली ते त्यांना तिथल्या तिथे कळलं. दिवे जमलेत की नाही हे बघायला कॅमेरावाला खांबाचे दोन-चार फोटो काढायचा. कोट साहेबांचा, केस साहेबांसारखे, अर्ध्या तोंडावर सावली. त्यातला एक पाकिटात गेला होता. पुढे पाथरवटाची ओळख झाल्यावर त्याने कारणही सांगितलं. बाकी सगळ्या फोटोंत साहेब हसत होते, वळत होते, टोपी उडवत होते. एकाच फोटोत काय ते नीट उभे होते.

काकांनी हे घरात सांगितलं, पुढे त्या पाथरवटाला, बाकी कुणाला नाही. आणि मग, आता हे मी लिहिलेलं त्यांना आवडणार नाही, पण त्यांना ती चूक गोड वाटायला लागली. दर आठवड्याला ते टेकडीवर जायचे, पाला झाडायचे, चकती ओल्या फडक्याने पुसायचे. म्हाताऱ्या बायका येऊन दगडावरच्या गालावरून हात फिरवायच्या आणि म्हणायच्या, काय देखणा होता. काका शेजारी झाडू घेऊन उभे. एक जण तर म्हणाली, ते नाक बघा, मारामारीची दृश्यं स्वतः करायचे ना. काकांनी मान डोलावली. घरी आल्यावर काकू विचारायची, “आलात स्वतःच्या तोंडावरची धूळ पुसून?” मी एकदा म्हटलं, काकू, राहू दे की, एवढ्या सिनेमांत उभं राहून एकाही फ्रेममध्ये ते दिसत नाहीत. ती म्हणाली, दिसत नाहीत म्हणून मेलेल्या माणसाच्या जागेवर बसायचं का.

असं बरंच चाललं. मग एक दिवस स्टुडिओच्या जुन्या पहारेकऱ्याने बातमी आणली, की साहेबांची मुलगी येतेय. ती दातांची डॉक्टर आहे, पन्नाशी ओलांडलेली. आई गेली, आता तिला वडिलांची जागा बघायचीय. दफनभूमी कुणी दाखवेल का, असं तिने विचारलंय, आणि पहारेकऱ्याने परस्पर काकांचं नाव सांगून टाकलंय.

काका जेवता जेवता थांबले. त्या रात्री नाही, पण पुढचे दोन-तीन दिवस ते घरात कुठेही मधेच उभे राहायचे, खुणेवर राहिल्यासारखे, आणि काकू त्यांना वळसा घालून जायची. त्यांचा हिशेब मला दिसत होता. सांगितलं तर पाथरवट चकती बदलणार. तो बिचारा खजील होऊन आधीच म्हणाला होता, माझ्या हातून चुकलं, मीच निस्तरीन, फक्त साहेबांच्या घरच्यांचा शब्द आणा. म्हणजे जगात जिथे लोक काकांच्या तोंडाकडे बघतात अशी जी एकुलती एक जागा, ती जाणार. आणि नाही सांगितलं तर? मुलगी गेली तेव्हा इतकी लहान होती. इतक्या चाहत्यांना कळलं नाही, तिला तरी काय कळणार.

हेच ते शेवटी काकूपुढे बोलले. काकू भांडी विसळत होती. तिने मागे वळूनही पाहिलं नाही.

“कळलं तर ती दोन दिवस रडेल,” ती म्हणाली. “न कळता परक्याच्या तोंडावरून हात फिरवून गेली तर काय कराल?”

दुसऱ्या दिवशी काकांनी दाढी दोनदा केली.

मुलगी टेकडीवर आली ती सपाट चपला घालून, हातात पांढरी फुलं. चालायला भरभर, बोलायला थोडी अडखळत, कारण आपली भाषा तिच्या तोंडात बऱ्याच दिवसांनी येत होती. मी आणि काकू झाडाखाली मागेच थांबलो. काकूने मला दटावलं होतं, की तोंड उघडायचं नाही, आणि स्वतः पुटपुटत होती, बोला आता, बोला.

ती दगडापुढे वाकली, फुलं ठेवली, आणि तिने हात उचलला, त्या म्हाताऱ्या बायका उचलायच्या तसाच.

“ताई, थांबा,” काका म्हणाले. “हे तुमचे वडील नाहीत. खाली तेच आहेत. वर मी आहे.”

तिने हात तसाच धरून दगडाकडे बघितलं. मग काकांकडे. मग पुन्हा दगडाकडे, आता डॉक्टर बघतात तसं. हात लावलाच, पण गालाला नाही, नाकाच्या हाडाला. काकांनी सगळं सांगितलं. दिवे, फोटो, पाकीट, आणि आपण गप्प राहिलो तेही. ती ऐकत होती, पण तिचं लक्ष त्यांच्या पायांकडे होतं.

मग तिने विचारलं, लहानपणी ती एकदा स्टुडिओत पळत आली होती आणि मागून बाबांच्या पायांना मिठी मारली होती, ते पाय कुणाचे. कारण वर बघितलं तर तोंड भलतंच होतं, आणि त्या भलत्या माणसाने तिला उचलून घेतलं होतं.

काकांना ते आठवत होतं. न आठवायला काय झालं. सगळ्या नोकरीत ते खुणेवरून मधेच हलले ते तेवढं एकदाच. दिवे नव्याने लावावे लागले, कॅमेरावाल्याने आईबहीण काढली, आणि साहेबांनी येऊन मुलीला त्यांच्या कडेवरून घेताना विचारलं होतं, कसं आहे तिथं. काका तेव्हा पहिल्यांदाच वेगळं बोलले होते. “बरं आहे.”

मुलगी हसायला लागली. हसता हसता डोळे पुसले, आणि म्हणाली, मग राहू देत का हे असंच? तुम्हालाही मी ओळखतेच की.

मला वाटतं त्या क्षणी हो म्हणणं फार सोपं होतं.

“नको,” काका म्हणाले. “जागा त्यांची आहे. मी दिवे लागेपर्यंतच उभा असतो.”

पाथरवटाला शब्द मिळाला. मुलीने आपल्याजवळचा फोटो दिला. साहेब टोपी उडवताहेत, तोंडभर हसू, एक डोळा मिटलेला. पाथरवट कुरकुरला, की थडग्यावर इतकं हसतात का. ती म्हणाली, साबण कापणारा माणूस घोड्यावर बसला, त्याने हसायचं नाही तर कुणी.

चकती बसवायच्या दिवशी वेगळाच घोळ झाला. नव्या चेहऱ्यावर सावली कशी पडेल, हसू दिसेल की टोपीच्या काठाखाली बुडेल, हे पाथरवटाला कळेना. झाडाची फांदी मधे येत होती. जुनी चकती निघाली होती, नवी अजून गाडीवरच होती. काका काही न बोलता दगडामागे गेले, गुडघे वाकवले, आणि चकतीच्या जागी आपलं तोंड आणून धरलं. पाथरवट पुढून बघत सांगत होता, जरा उजवीकडे, हनुवटी वर, हं, असंच. काकूने ओरडून सांगितलं, की गुडघा धरला तर मी उचलणार नाही. काका हलले नाहीत. उतरतं ऊन त्यांच्या तोंडावर होतं, आणि वाकड्या नाकाची सावली गालावर पडली होती.

पाथरवटाने दगडावर खडूने खूण केली. मुलगी मागून गेली आणि तिने काकांच्या खांद्यावर बोट टेकवलं.

“कसं आहे तिथं?”

“ऊन आहे,” काका म्हणाले. आणि बाजूला झाले.

आता त्या टेकडीवर साहेब एक डोळा मिटून हसतात, आणि म्हाताऱ्या बायका म्हणतात, आधीचं काही खास नव्हतं, आता कसे हुबेहूब दिसतात. काकांनी हे घरी येऊन सांगितलं, तेव्हा काकूला ते चांगलंच झोंबलं.

राहिली जुनी चकती. थडग्याचा दगड जिवंत माणसाच्या घरात नको, असं काकूने निक्षून सांगितलं होतं. पाथरवट म्हणाला, मग माझ्याकडे ठेवतो, कधीतरी लागेलच. हे ऐकल्यावर काकू तडक त्याच्या दुकानात गेली, चकती जुन्या चादरीत गुंडाळली आणि रिक्षात घालून घरी आणली. ती आता आमच्या दाराशेजारच्या भिंतीत बसवलीय. येणारे-जाणारे विचारतात, हा कुठल्या सिनेमातला हिरो.

काकू म्हणते, “आमच्याकडचा आहे. आत बसलाय, चहा घेतोय.”