पडदा तेवढा स्पष्ट आला

मोशीच्या आमच्या घरात, सोफ्यामागच्या खिडकीला फिक्कट पिवळा पडदा आहे. त्यावर तपकिरी पानं आहेत. इतकी वर्षं तो तिथे आहे आणि मी तो कधी नीट पाहिला नव्हता. मुलीने बंगळूरहून एक फोटो पाठवला, तेव्हा पहिल्यांदा पाहिला. पानांच्या शिरा, एका कडेची उसवलेली शिवण, सगळं स्वच्छ दिसत होतं. पडद्यापुढे सोफ्यावर माझी बायको आणि मुलगी बसल्या होत्या. त्या दोघी धुरकट होत्या. चेहरे आहेत एवढं कळत होतं, हसताहेत की नाही ते कळत नव्हतं.

तो फोटो मी काढला होता. मुलगी नोकरीसाठी निघाली त्या सकाळी.

बायको बार्शीजवळच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. मी चाकणला, गाड्यांच्या दरवाजांच्या बिजागऱ्या बनवणाऱ्या कंपनीत, तपासणी विभागात आहे. लग्नानंतर थोडेच दिवस म्हणून आम्ही दोन ठिकाणी राहायला लागलो. सुरुवातीला ती बदलीचा विषय काढायची आणि मी ‘बघू’ म्हणायचो. पुढे तिने विषय काढणं बंद केलं. तेव्हा मला वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगायचं तर हायसं वाटलं. त्यात आमच्या कंपनीला सुट्टी गुरुवारी आणि तिच्या शाळेला रविवारी. कोणी विचारलं की मी हेच कारण सांगायचो. कारण खरं होतं, म्हणून ते सांगताना जीभ अडखळली नाही.

मुलगी आईजवळ वाढली. आकुर्डीच्या कॉलेजात प्रवेश मिळाला तेव्हा ती माझ्याकडे राहायला आली आणि शिकून बाहेर पडेपर्यंत राहिली. एका घरात राहून आम्ही एकमेकांना फार कमी भेटलो. मला सेकंड शिफ्ट असली की मी येईपर्यंत ती झोपलेली असायची, फर्स्ट असली की ती उठायच्या आत मी कंपनीच्या बसमध्ये. ओट्यावर झाकून ठेवलेलं ताट, एवढंच आमचं बरंचसं बोलणं.

शेवटच्या वर्षी तिने पुण्याच्या जुन्या बाजारातून एक रिळाचा कॅमेरा आणला. मुठीत मावेल एवढा, आपोआप फोकस होणारा. तिच्या मैत्रिणींमध्ये तेव्हा त्याचं वेड होतं. मला त्यात काही कळत नव्हतं. माझा आणि फोटोंचा संबंधच राहिलेला नाही. कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीवाला रोज फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर चिकटवतो. बाहेर पडल्यावर तो काढायचा असतो. उद्या पुन्हा लागणारच, म्हणून मी काढत नाही. माझ्या फोनमध्ये मी या घरात काढलेला मुलीचा एकही फोटो नाही.

तर त्या सकाळी तिने कॅमेरा माझ्या हातात दिला.

“बाबा, इथून बघायचं. आत हिरवा दिवा लागला की हे बटन दाबायचं.”

“एवढंच?”

“एवढंच. बाकी सगळं तो करतो. तुम्हाला काही करायचं नाही.”

“मग जमेल त्यांना,” बायको सोफ्यावरून म्हणाली.

मी हसलो. दोघी सोफ्याच्या दोन टोकांना होत्या, मध्ये मुलीची प्रवासाची पिशवी होती. ती पिशवी मीच उचलून बाजूला ठेवली, फोटोत बरी दिसणार नाही म्हणून. हिरवा दिवा लागला, मी बटन दाबलं. हिरव्या दिव्यावर माझा जन्म गेला आहे. कंपनीत बिजागरी तपासणीच्या साच्यात बसवायची, हिरवा लागला की माल पास, लाल लागला की बाजूच्या पेटीत. हिरवा लागल्यावर मी दुसऱ्यांदा बघत नाही.

फोटो आल्यावर मी फोनवर तिला तेच म्हणालो. “अगं, पण हिरवा लागला होता.”

“लागणारच ना, बाबा. त्याला पडदा सापडला होता.” मग तिने समजावून सांगितलं. कॅमेरा फक्त मधोमध बघतो. तिथे एक बारीक चौकट असते. दोन माणसं दोन बाजूंना बसली, तर चौकटीला मधली मोकळी जागा दिसते आणि तो त्यामागचं धरतो. तरी कॅमेऱ्याच्या ज्या खिडकीतून आपण बघतो तीत सगळंच स्वच्छ दिसतं, त्यामुळे चूक झाल्याचं कळतही नाही.

“मग काय करायचं?”

“आधी एकीच्या चेहऱ्यावर चौकट आणायची. बटन अर्धंच दाबायचं आणि धरून ठेवायचं. मग कॅमेरा सरकवून दोघींना घ्यायचं आणि मग पूर्ण दाबायचं.”

“कोणाच्या चेहऱ्यावर?”

“कोणाच्याही. आम्ही एकाच सोफ्यावर होतो ना.” मग म्हणाली, “रीळ मी काढून आणलं, पण कॅमेरा तिथेच राहिलाय, टीव्हीखालच्या कप्प्यात. राहू दे. तुम्ही शिका. पुढच्या वेळी आम्ही आलो की परत काढा.”

‘आम्ही’ हा शब्द मी धरून ठेवला. दोघी एकदम येतील आणि मी तो फोटो पुन्हा, नीट काढीन. एवढी एक गोष्ट तरी मला दुरुस्त करता येण्यासारखी होती.

पुण्याहून रीळ आणलं आणि गुरुवारी शिकायला बसलो. घरात माणूस नव्हतं. सोफ्याच्या एका टोकाला कुकर ठेवला, दुसऱ्या टोकाला स्टीलचा डबा. अर्धं बटन दाबणं ऐकायला सोपं वाटतं. माझं बोट कंपनीतल्या बटनांना सरावलेलं, दाबलं की पूर्णच. फ्लॅश उडायचा, मोटर गुरगुरून फिल्म पुढे सरकवायची आणि माझ्या पायांचा फोटो निघालेला असायचा. हळूहळू बटन जिथे जरासं अडतं ती जागा बोटाला कळायला लागली. तिथे थांबायचं, श्वास धरायचा, सरकायचं. एकदा तसाच थांबलेला असताना शेजारच्या घरातून हसण्याचा आवाज आला. मी एका कुकरवर नेम धरून उभा होतो. मी खाली बसलो, आणि त्या दिवशी पुन्हा कॅमेरा हातात घेतला नाही.

एकदा बसची वाट बघत चहाच्या टपरीवर उभा असताना कॅमेरा खिशातून काढला. कंपनीतले दोघे जण लगेच सुरू झाले.

“राव, हे काय? आजोबांच्या ट्रंकेतून काढलं का?”

“शिकतोय. दोघं जरा लांब लांब उभे राहा.”

“लांब कशाला? आमचं भांडण झालंय का?”

“आधी एकाच्या तोंडावर धरायचं असतं.”

“मग माझ्यावर धरा. मी सिनिअर आहे. ह्याचं तोंड तसंही रिजेक्शनमध्ये जाईल.”

ते रीळ धुऊन आलं, तेव्हा त्या दोघांची तोंडं अगदी स्पष्ट होती. कुकरच्या शेवटच्या फोटोत तर शिट्टीवरचा डागही दिसत होता. मला आनंद झाला. तो कोणाला सांगावा म्हणून फोन हातात घेतला आणि बायकोच्या नावावर बोट नेऊन परत ठेवला. कुकर स्पष्ट आला म्हणून काय सांगायचं?

पुढे एका मैत्रिणीच्या लग्नासाठी मुलगी आली. एकटीच. आईच्या शाळेत तपासणी होती, तिला निघता आलं नाही. निघायच्या आधी मी कॅमेरा काढला. ती सोफ्याच्या उजव्या टोकाला बसली, त्या दिवशी बसली होती तिथेच. मी तिच्या चेहऱ्यावर चौकट आणली, बटन अर्धं दाबलं आणि कॅमेरा डावीकडे सरकवला.

“बाबा, मी एकटीच आहे. मला मध्ये घ्या ना.”

तोवर फोटो निघाला होता. “सवय झालीय,” मी म्हणालो.

तिने शेजारच्या मोकळ्या गादीकडे पाहिलं. “आईसाठी जागा ठेवलीत?”

“येईल ना ती सुट्टीत.”

“आई येतेच, बाबा. प्रत्येक सुट्टीत तीच येते. तुम्ही तिची शाळा तरी पाहिलीय का?”

आवाजात राग नव्हता. ती पिशवीची चेन लावत बोलत होती. मी शाळा पाहिलेली नव्हती.

त्यानंतरच्या गुरुवारी पहाटे वल्लभनगरच्या स्टँडवरून एसटी धरली. बार्शीहून पुढे रिक्षा केली आणि गावाचं नाव सांगताना ते बरोबर आहे ना, अशी शंका आली. शाळेत मुलं पाढे म्हणत होती. मी व्हरांड्याच्या पायरीवर बसलो. मधली सुट्टी झाली, मुलं बाहेर धावली आणि त्यांच्या मागून ती आली. हाताला खडू लागलेला होता. मला बघून ती जागीच थांबली.

“अहो, काय झालं? ती बरी आहे ना?”

“बरी आहे. सगळं बरं आहे. फोटो काढायला आलो.”

तिने माझ्या हातातल्या कॅमेऱ्याकडे पाहिलं. “पडद्याचा?”

मी पायरीवरून उठलो. ती वर्गाच्या दाराशी उभी राहिली. मी चेहऱ्यावर चौकट आणली आणि सवयीने कॅमेरा उजवीकडे सरकवायला लागलो.

“मला कडेला का सारताय?”

“शेजारी ती असणार आहे, दोन्ही फोटो जोडायचेत. तिचा काढलाय, त्यात डावी बाजू मोकळी आहे.”

“तिचं तिला राहू द्या. माझा मधोमध काढा.”

मी बोट उचललं. पुन्हा पहिल्यापासून चौकट आणली. हिरवा दिवा लागला, तरी मी बटन दाबलं नाही. कॅमेरा खाली घेऊन तिच्याकडे एकदा नुसतं पाहिलं. कानाजवळचे केस बरेच पांढरे झाले होते. कधी झाले, मला माहीत नव्हतं.

“झालं का?”

“नाही अजून.”

मग फोटो काढला. तो रिळातला शेवटचा होता. कॅमेऱ्याच्या आत रीळ घरघर करत उलटं गुंडाळायला लागलं आणि दोन मुलं आवाज ऐकून जवळ आली. ती त्यांना “जेवून घ्या आधी” म्हणाली आणि माझ्याकडे वळली.

“आलाच आहात तर शाळा सुटेपर्यंत थांबा. डबा एकच आहे, पण होईल दोघांना.”

घंटा झाल्यावर ती वर्गात गेली. मी पायरीवर थांबलो. आतून तिचा आवाज येत होता. मुलांना शिकवताना ती मोठ्याने, ठामपणे बोलते. तो आवाज मी याआधी कधी ऐकला नव्हता.