जावयाच्या गाडीला नाव ठेवताना

जगातल्या प्रत्येक यंत्राला कुठे ना कुठे दुखतं आणि ते दुखणं त्याने सर्वांत आधी आपल्याच कानावर घालायला हवं, अशी माझ्या चुलतसासऱ्यांची ठाम समजूत आहे. निमगाव सावा गावात त्यांच्या दारावरून सुखासुखी गेलेली गाडी मी पाहिलेली नाही. ट्रॅक्टर दिसला की हात आडवा करून थांबवणार, बॉनेटला कान लावणार आणि मालकाला तोंडावर सांगणार, "ह्ये काय इंजिन हाय व्हय? मेंढरू बी याच्यापरीस बरं खोकतं!" घरात मेंढरं होती तेव्हा आजारी मेंढी ते नुसत्या खोकल्यावरून ओळखत, असं सासूबाई सांगतात. यंत्रांच्या बाबतीत निदान दर वेळी खरं ठरतं असं मात्र नाही. एका लग्नात ऐन मंगलाष्टकांत "जनरेटर फुटतोय!" म्हणून त्यांनी तो बंद करायला लावला. भटजी माइकशिवाय ओरडत राहिले, नवरा-नवरी घामाने निथळली, आणि खडखडत होतं ते जनरेटरवर कोणीतरी विसरलेलं ताट. काका जराही ओशाळले नाहीत. "ताट तर ताट, पण आवाज व्हता का न्हाई?"

अशा माणसाने माझ्या गाडीबद्दल मात्र कधी अवाक्षर काढलं नव्हतं. कारण मी जावई. जावयाला आणि जावयाच्या वस्तूला नावं ठेवायची नाहीत, हा त्या घरचा रिवाज. बाळंतपणानंतर बायकोला आणि तान्ह्या लेकीला माळशेज घाटाने कल्याणला न्यायला मी गेलो, तेव्हा गाडी अंगणात शिरताच काकांचा चेहरा पडला. जेवताना म्हणाले, "गाडी लई गुणाची हाय, पावणं. चार दिस ऱ्हाऊ द्या की हितंच." केवढा हा पाहुणचार, म्हणून मी आणखी एक भाकरी घेतली. पान खाताना म्हणाले, "गाती बी झ्याक." मी खूश.

सकाळी सामान भरलं, लेक आईच्या मांडीवर झोपली, मी गाडी चालू केली, तर काका पुढे आडवे उभे. सासूबाई दटावू लागल्या, "आवो भावजी, जावई हायेत ते!"

"म्हाईत हाय. पण पोरगी लेकराला घेऊन घाटात उतरणार हाय." काकांनी बॉनेटवर हात ठेवला. मग मला म्हणाले, "पावणं, चप्पल काढा. गाडी न्यूट्रलला ठिवा. आता क्लच हळू दाबा."

दाबला, तशी खालून खरखर सुरू झाली आणि तळपायाला झिणझिण्या आल्या. "सोडा." सोडला, तर सगळं शांत.

"दाबला की रडतं, सोडला की गप. क्लचचं रिलीज बेअरिंग गेलंय. गिअरबॉक्सचं असतं तर उलटं झालं असतं."

बायको-लेकीसह गाडी तशीच हळूहळू नारायणगावला नेली. काका दिवसभर गॅरेजमध्ये बसून मिस्त्रीचं डोकं खात होते. बेअरिंग निघालं ते कोरडं पडून काळंनिळं झालेलं. मिस्त्री म्हणाला, "घाटात ह्ये तुटलं असतं तर गिअरच पडला नसता, भाऊ." मी मागे वळून बायकोकडे पाहिलं. ती लेकीच्या पाठीवर हात ठेवून बसली होती.

संध्याकाळी निमगावला परतल्यावर काका आता गावभर डंका पिटणार असं मला वाटलं. तर त्यांनी मला पाटावर बसवलं, टोपी-टॉवेल दिला, हातात नारळ ठेवला आणि हळूच म्हणाले, "तुमच्या गाडीला नाव ठिवलं, राग धरू नका. पोरगी तुमच्या घरात नांदती. आमच्या बोलण्यापायी तिला ऐकाया लागू नये." सगळ्या गावाला फैलावर घेणारा हा माणूस दोन दिवस कशाला भीत होता, ते मला तेव्हा कळलं. मी वाकून त्यांच्या पाया पडलो. त्यांचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत.

लेक आता शाळेत जाते. दर सुट्टीत निमगावला गेलो की मी गाडी मुद्दाम चालू ठेवून काकांना हाक मारतो. ते काठी टेकत येतात, बॉनेटवर हात ठेवून बराच वेळ उभे राहतात आणि म्हणतात, "बरी हाय." अलीकडे त्यांना जवळून हाक मारली तरी ऐकू येत नाही. मी मान डोलावतो, आणि परत निघालो की घाटात उतरण्याआधी गाडी नारायणगावच्या मिस्त्रीला दाखवून घेतो.